नाक कुणाचं तिखट?

मुंबईच्या लोकलमधली माणसं एके काळी विलेपार्ले स्टेशन नाकाने ओळखायची. डब्यात मुंगी शिरायला जागा नाही, खिडकी तर दिसतच नाही. पण पार्ले जवळ आलं की भट्टीतून निघालेल्या ताज्या बिस्किटांचा गोडसर, खरपूस वास डब्यात शिरायचा आणि उतरणारी मंडळी ‘चला, पुढे सरका’ म्हणत दाराकडे वळायची. पार्ले बिस्किटांचा तो कारखाना १९२९ सालचा. २०१६ मध्ये तो बंद झाला. त्या मार्गाने वर्षानुवर्षं ये-जा केलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना या वासाबद्दल विचारून बघा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायला मिळणार नाही.

आता गंमत अशी, की त्या डब्यातल्या जवळजवळ सगळ्यांना डोळ्यांनी नीट दिसत होतं. तरी वेळेला नाकच कामी येत होतं. पण गोष्टींत आणि सिनेमांत मात्र नाकाने ओळखण्याचं काम एका ठरावीक माणसाकडे असतं. ते म्हणजे अंध आजोबा. दारात पाऊल वाजतं, आजोबा मान वर करून हवा हुंगतात आणि म्हणतात, “कोण, पाटलांचा धाकटा ना? थेट रानातून आलास वाटतं!” सगळे चाट पडतात. मोठी माणसंही मग मान डोलावतात, की बघा, देवाने डोळे नेले पण नाक-कान दुप्पट करून दिले.

खरंच दिले का? हे काही नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटणारं नाही, मोजायला हवं. आणि मोजण्याची खटपट बरीच जुनी आहे. ग्रीसबाख नावाच्या संशोधकाने १८९९ सालीच अंध आणि डोळस माणसांच्या ज्ञानेंद्रियांची तुलना छापली होती. तेव्हापासून हा वाद चालू आहे.

पण त्याआधी जरा नाकात डोकावू. (बोट नको. नुसतं डोकावायचं.)

नाकपुडीतून वर वर गेलं की अगदी वरच्या टोकाला, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या भागात, काही चौरस सेंटिमीटरचा एक ओलसर पट्टा लागतो. वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी तिथे दाटीने असतात आणि त्यांच्यावर पातळ शेंबडाचा थर असतो. ‘ई’ करू नका! फुलातून, फोडणीतून किंवा घामट मोज्यातून उडालेले रेणू आधी त्या थरात विरघळतात, तेव्हा कुठे ते पेशींपर्यंत पोचतात. थर कोरडा पडला तर वास घेणंच अवघड. या पेशींच्या टोकांवर रेणूंना पकडणारी प्रथिनं असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. माणसाच्या नाकात या ग्राहकांचे साधारण ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या ग्राहकांची जनुकं शोधली आणि २००४ चं नोबेल पारितोषिक मिळवलं.

आता तुम्ही म्हणाल, प्रकार ४०० आणि वास तर कितीतरी, मग हिशेब जुळतो कसा? घरात किंवा शाळेत बाजाची पेटी असेल तर आठवा. पट्ट्या मोजक्याच, पण कोणत्या पट्ट्या एकत्र दाबल्या यावर काय ऐकू येईल ते ठरतं. नाकातही तसंच. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीजास्त छेडतो आणि कोणकोण छेडले गेले त्यावरून मेंदू वास ओळखतो. सोबतीला काय वाजतंय आणि किती जोरात, यानेही फरक पडतो. इंडोल नावाचा एक रेणू मोगऱ्याच्या सुगंधात असतो. तोच रेणू शी-मध्येही असतो! गजरा नाकाशी धरलेल्या कुणालाही हे लगेच सांगू नका.

हे ग्राहक कोणते आणि किती, ते जनुकांवरून ठरतं. एखाद्याला दिसत नाही म्हणून ४०० चे ५०० होत नाहीत. म्हणजे नाकापुरतं बोलायचं तर अंध आणि डोळस एकाच रांगेत उभे आहेत. पण वास नाकात संपत नाही, तो मेंदूत जातो. त्यामुळे खरी परीक्षा घ्यावीच लागते.

ही परीक्षा मोठी मजेदार असते. जर्मनीत थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वासाच्या कांड्या तयार केल्या. दिसायला हुबेहूब स्केचपेन, पण शाईच्या जागी वास. टोपण काढायचं, पेन नाकाखाली धरायचं, की झालं. परीक्षेचे भाग तीन. पहिल्यात तीन पेनं देतात, त्यांतल्या एकाच पेनात अगदी पुसटसा वास असतो, तो कुठल्या पेनात ते सांगायचं. वास पातळ पातळ करत नेतात आणि तुमचं नाक कुठे हात टेकतं ते बघतात. दुसऱ्या भागात तीन पेनांपैकी दोन सारखी आणि एक वेगळं, ते वेगळं शोधायचं. तिसऱ्यात सोळा वास नावाने ओळखायचे. संत्रं, केळं, लिंबू, लसूण, लवंग, दालचिनी, कॉफी, गुलाब, मासळी, चामडं, टर्पेंटाइन असे ते वास आहेत. प्रत्येक वासासाठी चार पर्याय देतात. प्रत्येक भागाला सोळा असे एकूण ४८ गुण. गणितापेक्षा सोपं वाटतंय? थांबा, शेवटी तुम्हाला करून बघायचं आहे.

डोळस माणसांना या परीक्षेत पहिल्या दोन भागांना डोळ्यांवर पट्टी बांधतात. कारण डोळे फार आगाऊ असतात. नाकाने काही म्हणायच्या आतच उत्तर सांगून मोकळे होतात, आणि कधीकधी चक्क चुकीचं सांगतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात द्राक्षांची वाइन चाखण्याचं रीतसर शिक्षण घेणारे ५४ विद्यार्थी होते. संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला आणि तिचं वर्णन करायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी वर्णन केलं ते लाल वाइनच्या वासाचं! हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. शिकलेल्या नाकांची ही कथा, मग आपण लिंबू सरबतात केशरी रंग घातल्यावर ‘वा, संत्र्याचा वास!’ म्हणालो तर काय नवल.

बरं, निकाल काय लागला?

सुरुवातीला निकाल उलटसुलट येत होते. एका अभ्यासात अंध पुढे, दुसऱ्यात दोघे बरोबरीत. याचं एक साधं कारण होतं. बऱ्याच अभ्यासांत माणसं फार थोडी असायची. तुमच्या वर्गातल्या दहा मुलांची उंची मोजून शेजारच्या तुकडीतल्या दहा मुलांशी तुलना केलीत, तर एखाद्या उंचाड्या मुलामुळे सगळा निकाल फिरू शकतो. वासाचं तर आणखी अवघड, कारण माणसामाणसाच्या नाकांत मुळातच पुष्कळ फरक असतो. वय वाढलं की वास कमी येतो, आणि सर्दी झाली की संपलंच. पोलंडच्या आग्नेश्का सोरोकोव्स्का यांनी म्हणून बरीच माणसं जमवली. काही लहानपणापासून अंध, काही मोठेपणी दृष्टी गेलेले, काही डोळस. सगळ्यांची पेनांची परीक्षा घेतली. २०१६ मध्ये निकाल छापून आला, की तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. मग २०१९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. तरी उत्तर तेच. अंध माणसांचं नाक जास्त तिखट असतं, या समजाला मोजमापांचा आधार मिळाला नाही.

म्हणजे सिनेमातले आजोबा खोटे? पूर्ण खोटे म्हणता येणार नाही.

इस्राएलमधल्या मुलांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मला तो फार आवडतो, कारण त्यात प्रश्न विचारण्याची पद्धत बदलल्यावर उत्तर बदललं. पुसट वास पकडण्यात अंध आणि डोळस मुलं सारखीच निघाली. मग नेहमीच्या ओळखीचे वास देऊन ‘हे काय आहे?’ असं थेट विचारलं. पर्याय नाहीत, काही नाही. तेव्हा अंध मुलांनी जास्त नावं बरोबर सांगितली. पण पर्याय दिल्यावर डोळस मुलांनीही बरोबरी केली. याचा अर्थ काय? वास दोघांच्याही नाकात सारखाच पोचत होता. फक्त त्या वासावर नावाची चिठ्ठी आधीपासून चिकटवलेली होती ती अंध मुलांकडे. ‘हा वास ओळखीचा आहे, अगदी जिभेवर आहे, पण नाव आठवत नाही’ असं आपलं नेहमी होतं ना? आपण नाव लावायच्या भानगडीतच पडलेलो नसतो. डबा उघडून बघितलं की काम भागतं.

हेलन केलर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत १८८० साली जन्मलेल्या हेलनची दृष्टी आणि ऐकू येणं दोन्ही १९ महिन्यांची असताना आजारात गेलं. पुढे त्या शिकल्या, पुस्तकं लिहिली, जगभर फिरल्या, १९५५ मध्ये भारतातही आल्या. १९०८ साली आलेल्या त्यांच्या एका पुस्तकात वासावर अख्खं प्रकरण आहे. वादळ यायच्या कितीतरी आधी आपल्याला त्याचा वास लागतो, एखाद्या माणसाच्या अंगाच्या वासावरून तो लाकडाचं काम करतो की लोखंडाचं हे समजतं, असं त्या लिहितात. वाचताना जादूच वाटते. पण त्याच प्रकरणात त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं आहे, की शिकारी कुत्र्याचं नाक काही आपल्याकडे नाही. सुताराच्या कपड्यांना भुशाचा वास येतो, तो आपल्या नाकातही शिरतोच. फरक इतकाच, की त्यांना तो वास म्हणजे बातमी होती आणि आपल्याला आधीच दिसलेलं असतं की समोर रंधा घेतलेला माणूस उभा आहे.

रस्त्यावर अंध माणसं वासाचा असाच उपयोग करतात. पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, चपलांचं दुकान, फुलवाली, उसाचं गुऱ्हाळ, सुकी मासळी. डोळे मिटून तुमचा शाळेचा रस्ता आठवा, अशा किती खुणा सापडतात बघा. अर्थात पांढरी काठी आणि कान यांच्यापुढे वास हा दुय्यम मदतनीस. वाऱ्याची दिशा बदलली की तो इकडचा तिकडे जातो, दुकान बंद असलं की गायबच होतो. गिरणी जवळपास आहे एवढं वास सांगतो, पण पायरी कुठे आहे ते सांगत नाही. ते काठीच सांगते.

आता गोष्टीत एक वळण आहे. डेन्मार्कमध्ये रॉन कुपर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून अंध असलेल्या काही जणांना मेंदूची चित्रं घेणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि वास दिले. २०११ मध्ये छापलेल्या या अभ्यासात दिसलं, की वास घेताना त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूचा मेंदूही कामाला लागत होता. हा तोच भाग, जो डोळस माणसांत डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावतो. ब्रेल वाचताना असं होतं हे १९९६ मध्येच कळलं होतं. बोटं ठिपक्यांवरून फिरतात आणि ‘पाहण्याचा’ भाग जागा होतो. डोळ्यांकडून काहीच येत नाही म्हणून मेंदूचा तो कोपरा रिकामा बसून राहत नाही, दुसरी कामं अंगावर घेतो. मग एवढी जास्तीची फौज असूनही पेनांच्या परीक्षेत गुण सारखेच का? माझं मत विचाराल तर, पेनांची परीक्षा नाकाचा जोर मोजते. वासाकडे लक्ष देणं, तो लक्षात ठेवणं, त्यावरून अंदाज बांधणं हे ४८ गुणांत नीट मावत नाही. याच संशोधकांनी जन्मांध आणि डोळस माणसांना रोजच्या वासांबद्दल प्रश्नही विचारले होते, आणि आजूबाजूच्या वासांची जाणीव अंध मंडळींना जास्त असते असं त्यात दिसलं.

आणि लक्ष द्यायचं म्हटलं तर डोळस माणूसही काय काय करू शकतो! अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये ३२ जणांच्या डोळ्यांवर पट्टी, कानांवर झाकणं आणि हातांत जाड मोजे घालून त्यांना गवतावर रांगायला लावलं. गवतात चॉकलेटच्या वासाचा एक १० मीटर लांब दोरा टाकलेला होता. नुसत्या नाकाने त्याचा माग काढायचा. ३२ पैकी २१ जणांना ते जमलं! नाक गवताला घासत, डावीकडे-उजवीकडे हुंगत, चुकत, परत दोऱ्यावर येत. त्यांतल्या चौघांना सराव दिला, तर त्यांचा वेग वाढला आणि चुका कमी झाल्या. एक नाकपुडी बंद केली तर मात्र माग काढणं अवघड गेलं, म्हणजे दोन नाकपुड्या नुसत्या शोभेच्या नाहीत. २००७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाचं नाक अगदीच कुचकामी, हा समज एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लिखाणातून पसरला होता. त्याचं अजूनही आपण ऐकतो, याचं मला हसू येतं.

जगातल्या सर्वांत गाजलेल्या नाकांपैकी एक नाकही एका डोळस बाईंचं आहे. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिका होत्या. आपल्या नवऱ्याच्या अंगाला वेगळाच, कस्तुरीसारखा वास यायला लागल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर बारा वर्षांनी नवऱ्याला पार्किन्सनचा आजार असल्याचं निदान झालं. संशोधकांनी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. बारा टी-शर्ट दिले. सहा रुग्णांनी घातलेले, सहा इतरांनी. जॉयबाईंनी सहाही रुग्ण बरोबर ओळखले, पण धडधाकट लोकांपैकी एकाच्या टी-शर्टलाही ‘हाच वास’ म्हणाल्या. एक चूक झाली, असं सगळ्यांना वाटलं. आठ महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन असल्याचं निष्पन्न झालं! त्वचेवरच्या तेलकट स्रावातले कोणते रेणू हा वास देतात, याचा शोध त्यातूनच सुरू झाला.

तेव्हा एखाद्या अंध मित्राला किंवा मैत्रिणीला भेटाल, तेव्हा ‘ओळख पाहू मी कोण!’ हा खेळ खेळू नका. त्यांच्याकडे जादूचं नाक नाही आणि दर वेळी परीक्षा द्यायचा त्यांना कंटाळाही येतो. सरळ आपलं नाव सांगा, आणि निघताना ‘मी जातोय’ किंवा ‘मी जातेय’ हेही सांगा. नाहीतर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतील.

आणि आता तुमची परीक्षा. आईला किंवा बाबांना सांगून मिसळणाच्या डब्यातून आणि फडताळातून आठ-दहा वस्तू काढा. जिरं, ओवा, बडीशेप, धने, मेथी, हिंग, वेलदोडा, लवंग, दालचिनी, जायफळ. प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटीत. एकाने डोळे बांधायचे, दुसऱ्याने वाटी नाकाशी धरायची. पहिल्या फेरीत पर्याय द्यायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत चार-चार नावं सांगून त्यांतलं निवडायला लावा. दोन्ही फेऱ्यांचे गुण लिहून ठेवा. दोन वासांच्या मध्ये जरा थांबा, कारण नाक एका वासाला पटकन सरावतं. लाल तिखट आणि मिरपूड मात्र या खेळात घेऊ नका. मिरचीच्या फोडणीने जो ठसका लागतो तो वास नव्हेच, ती चेहऱ्याच्या दुखण्या-चुरचुरण्याची नस आरडाओरडा करत असते. फिनेल, रॉकेल, नेलपॉलिश यांच्या बाटल्यांनाही हात लावायचा नाही.

मग आठवडाभर रोज त्याच वाट्या हुंगा आणि पुन्हा परीक्षा घ्या. ज्यांचा वास आजारपणात गेलेला असतो, त्यांना डॉक्टर असाच सराव करायला सांगतात. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे. कोविडनंतर पुष्कळांनी तो केला. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, आठवडा पुरे. आणि सर्दी झाली असेल तर खेळ पुढच्या आठवड्यावर ढकला, नाहीतर हिंग आणि वेलदोडा एकच आहे असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल.